चौथी लाईन

१४२ नंबरची गाडी म्हणजे डॉक्टर. ८७ म्हणजे बर्फाचा कारखाना. ३०६ म्हणजे त्या वकीलबाई, ज्या स्वतःच फोन जोडायला सांगायच्या आणि जोडून दिला की पलीकडच्यालाच विचारायच्या, "बोला, काय काम होतं?" आईंच्या संगणकात, हिरव्या नकाशावर, अशा बत्तीस आगगाड्या धावतात आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे एकेक जुना टेलिफोन नंबर.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. विशीच्या आतच त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. तेव्हा फोन हाताने जोडून द्यावे लागत. समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, त्यात दोऱ्यांची टोकं खुपसायची, कानाला हेडफोन. साडेतीनशे फोन होते आणि साडेतीनशेच्या साडेतीनशे नंबर त्यांना तोंडपाठ. पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला, आईंना चौकशीला बसवलं. तिथे त्यांचं मन रमलं नाही. "लोक नंबर विचारायचे आणि ठेवून द्यायचे," त्या म्हणतात. "जोडून द्यायची मजा गेली."

त्या निवृत्त झाल्या त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने स्वतःचा जुना संगणक त्यांच्या खोलीत खिडकीपाशी मांडला आणि त्यात हा खेळ घालून दिला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात असतो. आईला एकटं वाटू नये, एवढाच त्याचा हेतू. खेळही तेव्हाच जुना झालेला. त्यात आपण एका रेल्वे कंपनीचे मालक असतो. डोंगर, नद्या, गावं, खाणी असलेला नकाशा समोर येतो. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्या घ्यायच्या आणि कुठली गाडी कुठून कुठे जाईल ते ठरवून द्यायचं. कोळसा वीजघरात पोचला, टपाल गावात पोचलं की कंपनी तगते. नाही पोचलं तर बुडते.

पहिली वर्षं आईंच्या कंपन्या भराभर बुडायच्या, कारण त्या रेल्वेसुद्धा एक्स्चेंजसारखी बांधायच्या. नकाशाच्या मधोमध एक मोठं स्टेशन आणि प्रत्येक लाईन तिथेच आणून सोडलेली. खाण वीजघराला चिकटून असली तरी कोळसा आधी मधल्या स्टेशनात यायचा आणि मग उलटा जायचा.

"अगं आई, थेट ने ना," हा म्हणायचा.

"थेट कसं? आधी बोर्डावर यायला नको?"

"कोळशाला कुठे बोलायचंय कुणाशी."

"तू तुझ्या लिफ्टी बघ," आई म्हणायच्या.

सवय त्यांनी सोडली नाही, पण कंपन्या बुडू द्यायच्या थांबवल्या. मधल्या स्टेशनाला बारा फलाट केले, जिथे तिथे सिग्नल लावले. त्या स्टेशनाकडे बघून मला नेहमी वाटायचं, एवढी कोंडी इतक्या शांतपणे फक्त आईच सोडवू शकतात.

आत्ताची कंपनी त्यांनी बिट्टी माझ्या पोटात होती तेव्हा सुरू केली. बिट्टी आता दहा महिन्यांची आहे. दुपारी ती झोपली की आईंची वेळ सुरू व्हायची, एक ते दोन. दोनच्या ठोक्याला तो दिवस नव्या फाईलमध्ये साठवून ठेवायचा आणि फाईलला तारीख द्यायची. बोर्डावरही पाळी संपली की नोंद करावी लागायची म्हणे.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एक तारखेला माझी रजा संपणार होती. बिट्टी कुणाकडे राहणार हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. मला दिवस गेलेत हे कळलं त्याच संध्याकाळी आई म्हणाल्या होत्या, "तू नोकरी सोडायचं मनातसुद्धा आणू नकोस. मी आहे ना." दुकानाच्या मालकांना मी त्या शब्दावरच तारीख दिली होती.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. बिट्टीची वाटी कपड्यांच्या कपाटात सापडली. तिला भरवून तोंड पुसून झाल्यावर आईंनी पुन्हा विचारलं, "हिचं जेवण राहिलं का गं?" मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मी परवा पान्हा खिशात घेऊन अख्ख्या इमारतीत पान्हा शोधत होतो." मीही हसले. मला हसायचंच होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेले. जाताना आईंच्या दारात थांबून म्हटलं, "आई, बिट्टी सतरंजीवर खेळतेय. बघता ना?"

"बघते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघूनच म्हणाल्या.

दहा मिनिटंही झाली नसतील. कपड्यांचा ढीग छातीशी धरून मी आत आले तर सतरंजीवर फक्त खुळखुळा. बिट्टी बाथरूमच्या दारात होती. बादलीच्या काठाला धरून उभी. बादली भरलेली होती, सकाळी मीच भरून ठेवलेली. पाण्यात स्वतःचं तोंड दिसत होतं तिला आणि त्याला हात लावायला ती वाकत होती.

कपडे कुठे पडले मला आठवत नाही. तिला कडेवर घेऊन मी आईंच्या खोलीत गेले. त्या माउस हातात धरून बसल्या होत्या. मागे वळून आम्हां दोघींना बघितलं आणि सहज म्हणाल्या, "आलात खाली? ऊन लागलं का गं हिला? तू नेलंस ना वर."

बिट्टी माझ्या कानातलं ओढत होती.

त्या रात्री नवऱ्याला बादलीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बादली भरून ठेवायचीच कशाला?" त्याचं खरं होतं. आई काय म्हणाल्या ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. ते सांगितलं तर खरं होईल असं काहीतरी माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेल्या तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसले. मला माहीत होतं हे चांगलं नाही. पण माणूस स्वतःबद्दल जे सांगत नाही ते कुठे तरी उमटलेलं असतंच, आणि आईंचे सगळे दिवस तर तारखांसकट रांगेत लावलेले होते. मी जुन्यातली एक फाईल उघडली. वरच्या कोपऱ्यात कोळशाची खाण, तिथून मधल्या स्टेशनापर्यंत एक लाईन. तीन महिन्यांपूर्वीच्या फाईलमध्ये त्याच लाईनीला खेटून दुसरी. गेल्या महिन्यात तिसरी. कालच्या फाईलमध्ये चार. चारही त्याच खाणीतून निघून त्याच स्टेशनात शिरलेल्या. गाड्या धावत होत्या फक्त पहिलीवर. बाकीच्या तिन्हींवर खाणीच्या तोंडाशी एकेक शेड आणि प्रत्येक शेडमध्ये एकेक नवं इंजिन, कुठे जायचं ते न सांगितलेलं. तिन्हींचं नाव एकच होतं, ८७.

नळ बंद झाल्याचा आवाज आला तशी मी उठले.

दुपारी मी नुसतीच त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं, "आई, या खाणीला चार लाईनी का हो?"

त्या लगेच म्हणाल्या, "राखीव आहेत त्या. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक मोठ्या गिऱ्हाईकाला तारांच्या जास्तीच्या जोड्या टाकून ठेवायचे. एक तार तुटली तर दुसरी. बर्फाचा कारखाना बंद पडून कसं चालेल?"

"आणि इंजिनं?"

"तीपण राखीव."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच पलंगावर बसले आणि गंमत म्हणून त्यांना नंबर विचारत सुटले. अग्निशामक? अकरा. मुलींची शाळा? दोनशे चाळीस. शिंप्याचं दुकान, ते कोपऱ्यावरचं? "कोपऱ्यावर दोन होते. चांगल्याचा एकोणनव्वद, दुसऱ्याचा एकशे सात." एकदाही अडखळल्या नाहीत. संध्याकाळी मी नवऱ्याला ते राखीव लाईनींचं सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. "आई म्हणजे आई आहे," तो म्हणाला. त्याचाही जीव कुठे तरी टांगलेला होता, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

बिट्टीला थोपटत पडले होते तेव्हा मला ट्रक चालवणारे एक काका आठवले. परवान्यासाठी डोळे तपासून घ्यायला आले होते. फलकावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी धडाधड म्हणून दाखवली, इतकी धडाधड की माझ्या मनात पाल चुकचुकली. मी फलक फिरवून मागची बाजू लावली. तिथे अक्षरं वेगळी असतात. काका तिसऱ्या ओळीवरच थांबले. रांगेत बसल्या बसल्या त्यांनी ओळ पाठ केली होती. ते लबाड नव्हते. घाबरलेले होते.

साडेतीनशे नंबर हा आईंचा पाठ फलक होता. मला तो फिरवता आला असता. काल कुठे रूळ टाकलेत, एवढंच विचारायचं होतं. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी दुकानातून फोन आला की एक तारखेला दहा वाजता पहिलं गिऱ्हाईक दिलंय. मी हो म्हटलं. विचारलं काहीच नाही. बादली मात्र रोज रिकामी आहे ना ते बघत होते.

मंगळवारी बिट्टी झोपली आणि मी भांडी विसळत होते तेव्हा आईंनी हाक मारली.

"अगं, तो स्टूल घे आणि इकडे ये."

मी हात पुसत गेले. पडद्यावर ती खाण होती.

"अशी लांब नको. शेजारी बस. पडदा दोघींना सारखा दिसला पाहिजे."

मी स्टूल सरकवला.

"राखीव म्हटलं मी तुला," त्या म्हणाल्या. "ते खोटं होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"पहिली लाईन मी टाकली ते मला आठवतं. दुसरी कुणी टाकली माहीत नाही. म्हणजे मीच. या खोलीत दुसरं कोण येतंय रूळ टाकायला. इथे बसले की वाटतं, खाण अजून जोडलेली नाही, आज हे काम उरकू. टाकते. शेड बांधते, इंजिन घेते, नाव देते. मग नकाशा लांबून बघते तर शेजारी आधीची."

"आई, होतं असं. मीसुद्धा…"

"ऐक जरा. तू विचारलंस तेव्हा उत्तर इतकं झटकन तोंडात आलं की माझं मलाच खरं वाटलं. दिवस मावळेपर्यंत खरं वाटत होतं. आणि त्या गुरुवारी तू तिला वर नेलं नव्हतंस. कपडे बाथरूमच्या दारात पडले होते. मी उचलले, घड्या घातल्या आणि घड्या घालता घालता विचार केला, गच्चीवरचे कपडे इथे कसे?"

मला वाटलं होतं ते कपडे मीच उचलले असतील.

"मी तुमच्या फाईली बघितल्या," मी म्हटलं. "तुम्ही अंघोळीला गेला होतात तेव्हा."

"माहीत आहे. शेवटी उघडलेली फाईल यादीत वर येते." त्या किंचित हसल्या. "बरं केलंस. एक्स्चेंजमधल्या आमच्या मोठ्या बाईसुद्धा न सांगता लाईनीवर ऐकत बसायच्या. सांगून ऐकलं तर सगळ्याच गोड बोलतात."

"आपण डॉक्टरांकडे जाऊ उद्या."

"जाऊ. फक्त १४२ ला लावू नकोस. ते बिचारे केव्हाच गेले."

मला हसू आलं. आईंनी माउस माझ्या बाजूला सरकवला.

"बोर्डावर पाळी संपली म्हणून उठता यायचं नाही," त्या सांगायला लागल्या, हळू, एकेक शब्द नीट ठेवत. "बदलीची बाई येऊन अशी शेजारी बसायची. दुसरा हेडफोन लावायची आणि पाच मिनिटं नुसती ऐकायची. कुठली दोरी कुणाची, कोण कुणाशी बोलतंय. सगळं ध्यानात आलं की तिने म्हणायचं, 'घेतलं.' ती म्हणेपर्यंत पहिलीने हलायचं नाही. एकदा माझी बदली दोन तास आलीच नाही. तुझा नवरा तेव्हा दीड वर्षाचा, शेजारणीकडे तापाने फणफणलेला. निरोप आला होता. मी बसून होते."

"दोन तास?"

"बोर्ड मोकळा सोडायचा नसतो."

पडद्यावर १४२ खाणीवरून निघाली. पहिल्या लाईनीवरून, बाकीच्या तिघींच्या कडेकडेने.

"मी आहे ना, असं मी म्हटलं होतं," आई म्हणाल्या. "ते आज परत घेते. एक तारखेपासून बिट्टी माझ्या एकटीच्या हाती ठेवायची नाही. पाळणाघर बघा, बाई ठेवा, काय ते तुम्ही दोघं ठरवा. मी घरात असेनच. तिला मांडीवर घेईन, गोष्टी सांगेन, त्याच त्याच सांगितल्या तरी तिचं काही बिघडत नाही. पण माझ्यावर सोडून दार ओढून कुणी जायचं नाही. तूही नाही, तोही नाही. दहा मिनिटंसुद्धा नाही."

"आई, आपण आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू. लगेच कशाला…"

"लगेचच. आज मला हे कळतंय. परवा कळेल याची खात्री नाही. परवा कदाचित मी तुझ्याशी भांडेन, की माझ्या नातीला माझ्यापासून तोडतेस म्हणून. तेव्हा तू माझं ऐकायचं नाहीस. आजचं ऐकायचं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "हे तू बोलली असतीस तर जन्मभर तुझ्या मनाला लागून राहिलं असतं. तू बोलणार नाहीस हे मला दिसत होतं. सोमवारी फोनवर हो म्हणालीस, मी ऐकलं."

मी मान खाली घातली. बादलीचा काठ धरलेली बिट्टीची बोटं मला दिसत होती, आणि खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला होता, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

"घेतलं म्हण," आई म्हणाल्या.

मला म्हणता येईना. एवढा एक शब्द, पण तो उच्चारला की आई उठणार, आणि मग ही खुर्ची कायमची वेगळी होणार असं वाटत होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातलं सगळं त्यांच्या मधल्या स्टेशनातून जायचं. माझी नोकरी, याची दुखणी, आमची भांडणंसुद्धा. गाड्या येत होत्या, जात होत्या. एका फलाटावर दोन गाड्या समोरासमोर अडकल्या. आईंचा हात सवयीने उचलला गेला आणि तसाच मांडीवर परत आला. मी माउस धरला, मागची गाडी कडेच्या फलाटाला वळवली. वेळ लागला मला. त्यांनी मधे काही सांगितलं नाही.

पलीकडच्या खोलीतून बिट्टीचा आवाज आला. उठल्या उठल्या ती आधी नुसती कुरकुरते, कुणी येतंय का त्याचा अंदाज घेते. आईंनी मान वळवली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. पण उठल्या नाहीत. कुरकुर वाढून रडणं झालं. आईंच्या हातांच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. त्या दाराकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, आणि बसूनच होत्या. त्या दोन तासांत त्या कशा बसल्या असतील ते मला तेव्हा दिसलं.

"घेतलं," मी म्हटलं.

आईंनी खेळ साठवला. फाईलला तारीख देताना मला विचारली, मी सांगितली. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि झपझप दारापर्यंत गेल्या, इतक्या झपझप की मला वाटलं, विसरल्या. पण उंबऱ्याशी त्या थांबल्या. पाठ चौकटीला लावून, अंग चोरून उभ्या राहिल्या, मला जायला वाट करून देत. पलीकडे बिट्टी रडत होती.

"जा," त्या म्हणाल्या. "मी येते मागून."